कोण कोणत्या गटात? फाइल सर्व्हरवरच्या याद्यांचा प्रश्न

फाइल सर्व्हरवर कोणी एखादे फोल्डर उघडू पाहतो, तेव्हा सर्व्हरला आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: हा माणूस कोणकोणत्या गटांत आहे? मोठ्या संस्थेत परवानग्या सहसा माणसागणिक दिल्या जात नाहीत. लेखा विभागाला वाचता येईल, प्रकल्पावरच्या लोकांना लिहिता येईल, बाकीच्यांना फक्त फाइलींची नावे दिसतील, अशा त्या गटांच्या नावे दिलेल्या असतात. डिस्क किती वेगवान, नेटवर्क किती रुंद, हा सगळा विचार नंतरचा. गटांची यादी हाती आल्याशिवाय दार उघडायचे की नाही हेच ठरत नाही. एकाच यंत्रावर वीस-पंचवीस जण काम करत असतील तर यात काही अवघड नाही. युनिक्सवर गटांसाठी एक साधी मजकूर-फाइल असते, ओळीला एक गट आणि पुढे सभासदांची नावे. ती वरपासून खालपर्यंत वाचली की उत्तर मिळते. पण तीच फाइल-व्यवस्था शेकडो सर्व्हरांवर पसरली, वापरणारे हजारोंच्या घरात गेले आणि गटांची माहिती तिसऱ्याच यंत्रावर राहू लागली, की हा साधा प्रश्न महाग होतो. तो स्वस्तात कसा सोडवायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय ऐकायला अरुंद वाटेल. याद्या भराभर काढणे हे कारकुनी काम, त्यासाठी आख्खे पुस्तक कशाला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की यादी वेळेत मिळणे ही सुरक्षेची अट आहे. यादीला उशीर होऊ लागला की ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे पळवाटा निघतात. कोणी यादी कापून आखूड करतो, कोणी जुनी प्रत जपून तीच वापरत राहतो, कोणी यादी मागणेच बंद करतो. तिन्ही वाटांनी परवानगी चुकते, आणि बहुतेक वेळा ती चुकली आहे हे कोणाला कळत नाही. आजच्या फाइल सर्व्हरांतल्या अनेक विचित्र वाटणाऱ्या मर्यादा आणि ‘बंद ठेवलेलेच बरे’ असे सांगणारे पर्याय यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

सुरुवातीलाच एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण या क्षेत्रातला निम्मा गोंधळ तो न समजल्याने होतो. ‘गटांची यादी द्या’ या एका मागणीत तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. या गटात कोण कोण आहे? हा माणूस कोणत्या गटांत आहे? आणि सर्व्हरवर मुळात गट तरी कोणते आहेत? आपल्या जमीन-नोंदींत यातल्या पहिल्या दोन प्रश्नांसाठी दोन स्वतंत्र नमुने आहेत. अमुक जमीन कोणाकोणाच्या नावे आहे हे सातबारा सांगतो. अमुक खातेदाराच्या नावे गावात कुठे कुठे जमीन आहे हे आठ-अ सांगतो. माहिती एकच, पण ती दोन्ही बाजूंनी लिहून ठेवली आहे, म्हणून कोणत्याही बाजूने विचारले तरी सगळे दप्तर उलटेपालटे करावे लागत नाही. त्याची किंमत फेरफाराच्या वेळी मोजावी लागते: एक नोंद बदलली की दोन्हीकडे ती उतरली पाहिजे. फाइल सर्व्हरांच्या जगात ज्यांनी ‘सातबारा’ ठेवला पण ‘आठ-अ’ ठेवला नाही, त्यांना पुढे काय भोगावे लागले, याचा इतिहास लांबलचक आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. मल्टिक्स या युनिक्सच्या आधीच्या व्यवस्थेत माणसाची ओळखच नाव आणि प्रकल्प मिळून होत असे, त्यामुळे एका वेळी एकच ‘गट’ आणि यादीचा प्रश्न नाही. युनिक्समध्येही बराच काळ माणूस एका वेळी एकाच गटात वावरे. दुसऱ्या गटाचे काम करायचे तर आज्ञा देऊन गट बदलावा लागे. १९८३ साली आलेल्या ४.२ बीएसडीने एका माणसाला एकाच वेळी अनेक गटांत राहू दिले, आणि इथून ‘माझे सगळे गट सांगा’ हा प्रश्न लॉगिनच्या प्रत्येक क्षणी विचारला जाऊ लागला. त्याच सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ग्रेपव्हाइन नावाची वितरित व्यवस्था चालत होती. तिच्यात टपालाची वितरण-यादी आणि परवानगीचा गट या दोन्हींचे काम एकाच प्रकारच्या नोंदी करत, आणि गटात गट घालता येत. पुढच्या जवळजवळ सगळ्या कल्पना तिथे बीजरूपाने सापडतात.

इथून पुढे वाटा फुटल्या. ही यादी सर्व्हरच्या हाती कोणी द्यायची, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या फुटल्या.

पहिली वाट सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएसची, १९८० च्या दशकाच्या मध्यातली. तिचे उत्तर होते: विचारणाऱ्या यंत्रानेच द्यावी. प्रत्येक विनंतीसोबत क्लायंट आपला वापरकर्ता क्रमांक आणि गटांचे क्रमांक पाठवतो, सर्व्हर ते मुकाट्याने मानतो. सर्व्हरला कुठेही विचारायला जावे लागत नाही, म्हणून वेग उत्तम. पण विनंतीच्या मजकुरात जागा ठरवून दिलेली, आणि ती जास्तीत जास्त १६ गटांची. २००९ साली आलेल्या आरएफसी ५५३१ मध्येही हा आकडा १६ च आहे. दरम्यान लिनक्सने २००४ साली, २.६.४ या आवृत्तीत, एका माणसाच्या गटांची मर्यादा ३२ वरून ६५,५३६ वर नेली होती. म्हणजे माणूस आपल्या यंत्रावर शंभर गटांत असू शकतो, पण तारेवरून जाताना त्यातले १६ च जातात. उरलेले गळतात आणि गळल्याचा कोणताही संदेश येत नाही. फोल्डरवर गटाचे नाव बरोबर, माणसाचे नाव त्या गटात बरोबर, तरीही परवानगी नाकारली जाते. नव्या प्रशासकाने यात दिवस घालवावा यात नवल नाही, कारण कुठल्याही एका यंत्रावर पाहिले तर सगळे ठीकच दिसते. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर यावर उपाय आहे: माउंट सेवेला ‘मॅनेज-जीआयडीज’ हा पर्याय दिला की सर्व्हर क्लायंटची यादी बाजूला ठेवतो आणि वापरकर्ता क्रमांकावरून स्वतः गट शोधतो. उपाय चांगला आहे, पण त्यासाठी पहिली वाट सोडावी लागते. आता सर्व्हरलाच विचारायला जावे लागणार.

दुसरी वाट हीच, आणि ती सर्वांत विचारपूर्वक आखली ती कार्नेगी मेलन विद्यापीठात. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन यांच्या नावावरून अँड्र्यू म्हणवला गेलेला हा प्रकल्प आयबीएमच्या साहाय्याने १९८० च्या दशकात उभा राहिला. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले महादेव सत्यनारायणन त्याच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. विद्यार्थ्याच्या टेबलावरचे यंत्र कोणाच्याही ताब्यात असू शकते, म्हणून त्याच्या शब्दावर विसंबायचे नाही, हे त्यांचे पहिले गृहीतक. तेव्हा क्लायंटने सांगितलेली गटांची यादी मान्य करण्याचा प्रश्नच नव्हता. माणसे आणि गट यांच्यासाठी त्यांनी वेगळा संरक्षण-सर्व्हर ठेवला, आणि फाइल सर्व्हर त्याला विचारून यादी मिळवू लागला. पुढे ही व्यवस्था एएफएस या नावाने ट्रान्सआर्क कंपनीने विकली, १९९४ साली ती कंपनी आयबीएमकडे गेली, आणि २००० साली आयबीएमने मूळ प्रोग्रॅम खुला केल्यावर तिचा ओपनएएफएस झाला. या पुस्तकात एएफएसला मध्यवर्ती जागा दिली आहे. ती व्यवस्था आज सर्वत्र वापरात आहे म्हणून हे केलेले नाही. तिच्यात हा प्रश्न उघड्यावर, हाताने तपासता येईल असा मांडलेला आहे म्हणून केले आहे.

तो किती उघड्यावर आहे ते पाहा. संरक्षण-सर्व्हरचा डेटाबेस म्हणजे एकसारख्या आकाराच्या नोंदींची एक फाइल. प्रत्येक नोंद १९२ बाइटची. माणसांचे क्रमांक धन, गटांचे ऋण, म्हणजे नोंद कोणाची हे चिन्हावरूनच कळते. नावावरून आणि क्रमांकावरून नोंद गाठण्यासाठी दोन हॅश तक्ते आहेत, प्रत्येकी ८,१९१ खणांचे. माणसाच्या नोंदीतच त्याच्या गटांचे पहिले १० क्रमांक बसतात. त्याहून जास्त असतील तर तशाच १९२ बाइटच्या जोडनोंदी साखळीने लागतात आणि त्या प्रत्येकीत ३९ क्रमांक मावतात. समजा एक जण २०० गटांत आहे. मूळ नोंदीत १०, उरलेल्या १९० साठी पाच जोडनोंदी. म्हणजे सहा वाचनांत त्याची पूर्ण यादी हाती येते. गटाच्या नोंदीतही नेमकी अशीच सभासदांची साखळी असते. कोणाला गटात घातले की दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बदलतात, आणि हा व्यवहार डेटाबेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांमध्ये यूबिक नावाची यंत्रणा सांभाळते. सातबारा आणि आठ-अ दोन्ही जागच्या जागी. शिवाय कोणत्या माणसाच्या मालकीचे कोणते गट, ही तिसरी साखळीही आहे. बाहेरून ‘पीटीएस मेंबरशिप’ ही आज्ञा दिली की सर्व्हरकडे मोजक्याच फेऱ्या होतात: एका फेरीत सगळे क्रमांक येतात, दुसरीत त्या सगळ्यांची नावे एकगठ्ठा. २०० गटांसाठी २०० फेऱ्या होत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या रचनेत हा एकगठ्ठा नाव-शोध आहे आणि पुढे आलेल्या कितीतरी व्यवस्थांत तो नाही, याकडे मला वाचकाचे लक्ष वेधायचे आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘सगळे गट दाखवा’ याचे, उत्तर मात्र एएफएसमध्येही स्वस्त नाही. ‘पीटीएस लिस्टएंट्रीज’ला फक्त गट मागितले तरी सर्व्हर फाइलीतला प्रत्येक खण ओलांडतो, माणसांच्या नोंदी आणि जोडनोंदी वगळतो, आणि निकाल तुकड्यातुकड्यांनी देतो. प्रत्येक तुकड्यासोबत ‘पुढे इथून सुरू करा’ असा खणाचा क्रमांक येतो. या पद्धतीत एक शहाणपण आहे. नोंदी आपला खण सोडून हलत नाहीत, त्यामुळे दोन तुकड्यांच्या मध्ये कोणी नवा गट घातला किंवा जुना काढला, तरी जो गट आधीपासून शेवटपर्यंत होता तो यादीत नेमका एकदाच येतो. वर्णानुक्रमे पाने पाडून ‘पहिले हजार सोडून पुढचे द्या’ म्हणणाऱ्या पद्धतींना ही खात्री देता येत नाही. मात्र ही आज्ञा प्रशासकांच्या गटातल्यांनाच चालवता येते, आणि तिच्या उत्तरात नाव, क्रमांक, मालक आणि निर्माता एवढेच असते, सभासद नसतात. सगळ्या गटांचे सगळे सभासद हवे असतील तर प्रत्येक गटासाठी वेगळी विचारणा करावी लागते. इथे दोन साध्या गोष्टी उपयोगी पडतात. एकच माहिती दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे, तेव्हा गट तीन हजार आणि माणसे पन्नास हजार असतील तर गटांच्या बाजूने विचारावे. आणि डेटाबेसची फाइलच हाताशी असेल तर सर्व्हरला त्रास न देता तिची प्रत ‘पीटी-यूटिल’ने सरळ वाचून काढावी. एक लाख मूळ नोंदी म्हणजे अवघे १९ एमबी. ती फाइल वाचणे हे कोणत्याही लॅपटॉपला काहीच नाही. वेळ लागतो तो फेऱ्यांना.

मग या इतक्या नेटक्या व्यवस्थेत जुन्या प्रतीचा प्रश्न सुटला का? नाही, आणि तिच्या रचनाकारांनी हे लपवले नाही. फाइल सर्व्हर प्रत्येक वाचनाला संरक्षण-सर्व्हरकडे धावत नाही. माणूस जोडला जातो तेव्हा यादी घेतो आणि जवळ ठेवतो. म्हणून आता लॉगिन असलेल्या माणसाला नव्या गटात घातले तर त्याला पुन्हा ओळख पटवून घ्यावी लागते, तोवर नवा अधिकार लागू होत नाही. गटातून काढण्याची गोष्ट याहून गंभीर. सत्यनारायणन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या सुरक्षेवरच्या लेखात नकारात्मक अधिकारांचे समर्थन याच कारणाने केले आहे: गटातून नाव काढल्याचा परिणाम सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो, म्हणून फोल्डरच्या परवानगी-यादीतच ‘याला नाही’ असे लिहिता आले पाहिजे. यादीच्या ताजेपणावर भिस्त ठेवता येत नाही हे ज्यांनी व्यवस्था बांधली त्यांनीच कबूल करून तिथेच पर्यायी कडी बसवली, हा मला या संपूर्ण विषयातला सर्वांत शिकवणारा निर्णय वाटतो. गटात गट घालण्याची सोय कार्नेगी मेलनच्या मूळ आराखड्यात होती, पुढे बाजारात आलेल्या एएफएसमध्ये ती राहिली नाही, आणि ओपनएएफएसमध्ये ती प्रोग्रॅम बांधताना निवडण्याचा पर्याय म्हणून परत आली. ही सोय आली की सहा वाचनांचा वरचा हिशेब मोडतो, कारण प्रत्येक गटाचे गट, त्यांचे गट, असे चढत जावे लागते.

तिसऱ्या वाटेने जाणारे म्हणाले, सर्व्हरने विचारूच नये. ओळखपत्रावरच गट छापून द्यावेत. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने कर्बेरॉस तिकिटात माणसाच्या सगळ्या गटांचे क्रमांक भरले, तेही आतल्या गटांसह आणि सहीनिशी. फाइल सर्व्हरला फक्त तिकीट तपासायचे. दुसऱ्या वाटेतली सगळी धावपळ वाचते, हे खरेच मोठे यश आहे. पण छापील यादी जितकी लांब तितके तिकीट जड. माणूस साधारण १,०१५ गटांच्या पुढे गेला की विंडोजवर लॉगिनच फसते, आणि तिकिटासाठी राखलेली १२,००० बाइटची जागा विंडोज सर्व्हर २०१२ या आवृत्तीत ४८,००० करावी लागली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिकिटाचे आयुष्य सहसा दहा तासांचे असते. सकाळी नऊला ज्याचे नाव गटातून काढले, त्याच्या खिशातल्या साडेआठच्या तिकिटावर ते गट संध्याकाळपर्यंत छापलेलेच राहतात.

या तिन्ही वाटांच्या पलीकडे आणखी एक दुखणे आहे, आणि रोजच्या कामात सर्वांत जास्त वेळ तेच खाते. माणसे आणि गट यांच्या नोंदी एका ठिकाणी ठेवणाऱ्या डिरेक्टरी सेवांचा साचा १९९८ सालच्या आरएफसी २३०७ ने घालून दिला. त्यात गटाच्या नोंदीत सभासदांची नावे असतात, माणसाच्या नोंदीत गट नसतात. म्हणजे सातबारा आहे, आठ-अ नाही. सनच्या जुन्या एनआयएसमध्ये माणसावरून गट सांगणारा वेगळा तक्ता मुद्दाम बनवलेला असे. तो धडा इथे विसरला गेला. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने माणसाच्या नोंदीवर गटांची उलटी यादी दिली, ओपनएलडॅपमध्येही ती जोडता येते. पण युनिक्सवरची ‘आयडी’ ही साधी आज्ञा चालवली की काय होते ते पाहावे. ती आधी गटांचे क्रमांक मिळवते, मग प्रत्येक क्रमांकाचे नाव विचारते. नाव विचारण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्या उत्तरात त्या गटाचे सगळे सभासदही येतात, कोणी मागितले नसले तरी. २०० गट, प्रत्येकात काही हजार माणसे, आणि हवी होती फक्त २०० नावे. लिनक्सला डिरेक्टरीशी जोडणाऱ्या एसएसएसडी या सेवेत यासाठी सभासद न आणण्याचा पर्याय द्यावा लागला. संपूर्ण यादी काढण्याची सोय तिथे मुळातच बंद ठेवलेली असते, सांबाच्या विनबाइंडमध्येही तसेच. नवखा प्रशासक सर्व्हरवर सगळ्या गटांची यादी मागतो, त्याला चार स्थानिक गट दिसतात, आणि डिरेक्टरीशी जोडणी तुटली असे समजून तो चालू व्यवस्था खोलून बसतो.

हाडूपच्या फाइल-व्यवस्थेत, एचडीएफएसमध्ये, हा सगळा इतिहास एका यंत्रावर येऊन थांबतो. तिथे नावांचा आणि परवानग्यांचा कारभार नेमनोड पाहतो, आणि माणसाचे गटही तोच शोधतो. सहसा तो त्यासाठी आपल्या लिनक्सला विचारतो, लिनक्स एसएसएसडीला, आणि तो डिरेक्टरीला. ही साखळी जिथे अडेल तिथे नेमनोडकडे आलेली विनंती अडते, आणि नेमनोडवर आख्खा क्लस्टर अवलंबून असतो. म्हणून उत्तर ३०० सेकंद जपून ठेवायचे असे तिथले मूळ प्रमाण आहे, आणि शोधाला ५ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर इशारा लिहिला जातो. ‘एचडीएफएस ग्रुप्स’ ही आज्ञा नेमनोडला दिसणारे गट दाखवते. आपल्या लॉगिन यंत्रावरच्या ‘आयडी’चे उत्तर आणि हे उत्तर वेगळे निघू शकते, आणि वाद होतो तेव्हा नेमनोडचे खरे धरायचे असते. सुपरकॉम्प्युटरांवर चालणाऱ्या लस्टरमध्येही माणसाचे गट मेटाडेटा सर्व्हरवरच शोधले जातात. तिथे लॉगिन नोडवर गट आहेत आणि मेटाडेटा सर्व्हरवर नाहीत, अशी स्थिती उद्भवू शकते.

यावर दोन आक्षेप मला गंभीर वाटतात. पहिला असा की आज यंत्रे इतकी वेगवान आहेत की काही हजार गटांची यादी हा प्रश्नच उरलेला नाही. डिस्क आणि प्रोसेसरपुरते हे खरे आहे. १९ एमबीचा आकडा वर आलाच आहे. पण वितरित व्यवस्थेत वेळ जातो तो एकामागून एक होणाऱ्या फेऱ्यांत, आणि फेरीला लागणारा वेळ अंतरावर ठरतो. मुंबईतल्या सर्व्हरने दुसऱ्या खंडातल्या डिरेक्टरीला २०० वेळा विचारले तर प्रोसेसर कितीही चांगला असला तरी वाट पाहावी लागणारच. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: गट हीच कल्पना जुनी झाली, आता भूमिका आणि गुणधर्म यांवरून परवानगी ठरते. तशा व्यवस्था वाढत आहेत हे मान्य. पण ‘या विभागातला, या प्रकल्पावरचा’ असे गुणधर्म कुठेतरी नोंदलेले असावे लागतात, ते सर्व्हरपर्यंत पोहोचावे लागतात, आणि माणूस विभाग बदलतो तेव्हा ते बदलावे लागतात. वरचे तिन्ही प्रश्न तिथे जसेच्या तसे उभे राहतात. उलट ‘या फोल्डरपर्यंत कोण कोण पोहोचू शकते’ याची यादी काढणे नियमांच्या जंगलात अधिक अवघड होते.

यादी सोपी झाली की ती कोणाला द्यायची हाही विचार करावा लागतो, आणि वेगाच्या चर्चेत तो मागे पडतो. एएफएसमध्ये प्रत्येक नोंदीवर गोपनीयतेच्या खुणा असतात. नव्या गटाचे सभासद मूळ प्रमाणानुसार कोणीही पाहू शकतो. माणूस कोणत्या गटांत आहे हे मात्र तो स्वतः आणि प्रशासकच पाहू शकतात. हेतू चांगला आहे. पण माहिती दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे, तेव्हा ज्याला पुरेशा गटांची नावे ठाऊक आहेत तो त्यांचे सभासद पाहून दुसरी यादी स्वतः जुळवू शकतो. एका बाजूला लावलेले कुलूप दुसऱ्या बाजूने निरर्थक होते. आजारपणाच्या रजेवरचे कर्मचारी, अंतर्गत चौकशी समिती, विक्रीची बोलणी करणारा चमू, अशा गटांत नाव असणे हीच मोठी माहिती असते. म्हणून प्रशासकाने संपूर्ण यादी काढण्याचा मार्ग वेगवान ठेवावा आणि अरुंदही ठेवावा, असे माझे मत आहे.

हे आज का वाचायचे? भारतात २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला. व्यक्तींची माहिती बाळगणाऱ्या संस्थेने तिच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजलेच पाहिजेत अशी त्यात तरतूद आहे. बँक असो, रुग्णालय असो की विद्यापीठ, माहिती शेवटी कुठल्यातरी फाइल सर्व्हरवर, कुठल्यातरी गटाच्या परवानगीखाली असते. अमुक दिवशी हे फोल्डर कोण उघडू शकत होते, या प्रश्नाला ज्यांना तासाभरात उत्तर देता येत नाही, त्यांच्या उपायांना वाजवी म्हणणे कठीण आहे. या उत्तरासाठी आजच्या यादीचा उपयोग नाही. त्या दिवशीची यादी ठेवलेली असावी लागते, आणि ती रोज काढून ठेवणे परवडेल इतके यादी काढणे स्वस्त असावे लागते. आणखी एक कारण इथले आहे. पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० बांधला, आणि तेव्हापासून स्टोरेज व महासंगणनाच्या क्षेत्रात काम करणारी मराठी माणसे तिथे मोठ्या संख्येने आहेत. ती दिवसभर या विषयावर मराठीत बोलतात, वाद घालतात, नव्यांना शिकवतात. छापील पान मात्र इंग्रजीच असते. नव्याने लागलेल्या मुलाला आज्ञा पाठ होतात, पण त्यामागची कारणे समजावणारे, सलग वाचावे असे काही त्याच्या भाषेत नसते.

ते काम या पुस्तकाने अंगावर घेतले आहे. आज्ञांचा कोश होणे त्याने टाळले आहे. प्रत्येक व्यवस्थेला तेच तीन प्रश्न विचारायचे, उत्तर कोणत्या यंत्रावर तयार होते ते शोधायचे, किती फेऱ्या झाल्या ते मोजायचे, आणि उत्तर किती जुने असू शकते ते लिहून ठेवायचे, ही त्याची शिस्त आहे. मोजणी वाचकाने आपल्याच यंत्रावर करावी अशी अपेक्षा आहे: नेटवर्कवरची पाकिटे पकडून पाहायची, जपून ठेवलेल्या प्रती रिकाम्या करून तीच आज्ञा पुन्हा द्यायची, आणि गरम व थंड उत्तरांतला फरक वहीत टिपायचा. त्यासाठी दोन-तीन आभासी यंत्रांवर छोटा एएफएस सेल किंवा एनएफएस सर्व्हर उभा केला तरी पुरते. १७ व्या गटाचा प्रयोग तर अर्ध्या तासात होतो. क्लाउडवरच्या वस्तुभांडारांना यात जवळजवळ जागा मिळालेली नाही, आणि विंडोजच्या बाजूला दिलेली पाने मला कमी वाटतात. तिथल्या आतल्या गटांच्या गुंत्यावर वेगळे पुस्तक व्हावे इतके साहित्य आहे. वाचकाला लिनक्सची जुजबी ओळख हवी, कर्बेरॉस ठाऊक असले तर बरे, नसले तरी अडणार नाही. वाचताना शेजारी टर्मिनल उघडे ठेवावे आणि आपल्या सर्व्हरवर स्वतःचे गट आधी ‘आयडी’ने आणि मग सर्व्हरच्या बाजूने काढून पाहावेत. दोन्ही याद्या जुळल्या नाहीत, तर पुस्तकाचे कोणते प्रकरण आधी वाचायचे ते त्या फरकावरूनच कळेल.